दांड्यापासून नळीपर्यंत: बागेच्या ट्रॅक्टरला जोडलेले पॉवर स्टेअरिंग

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांभोवती जी उपनगरे पसरली, त्यांतील एक-दोन एकरांच्या आवारांसाठी शेतीच्या ट्रॅक्टरचे एक धाकटे रूप घडवले गेले आणि त्याला गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे बागेचा ट्रॅक्टर, हे नाव पडले. नुसते गवत कापणाऱ्या यंत्राहून हा ट्रॅक्टर वेगळा असतो, कारण त्याच्या पुढच्या आसाचे आणि गिअरपेटीचे काम भक्कम असते व त्याला नांगर, बर्फ लोटण्याचे पाते, इतकेच काय पण माती उचलणारा लोडरही जोडता येतो. अशा ट्रॅक्टरला बहुतेक वेळा कारखान्यातून पॉवर स्टेअरिंग मिळत नसे, त्यामुळे ते नंतर घरच्या कार्यशाळेत बसवण्याची एक परंपराच तयार झाली. वरवर पाहता ही हौशी लोकांची खटपट वाटते. परंतु ट्रॅक्टरच्या इतिहासात पॉवर स्टेअरिंग मोठ्या प्रमाणावर शेतापर्यंत पोचले तेच मुळी मागाहून जोडायची वस्तू म्हणून, आणि बागेतील खटपट हा त्याच इतिहासाचा पुढचा अध्याय आहे.

दोन चाकांच्या बैलगाडीला वळवण्याची वेगळी यंत्रणा लागत नाही, कारण कासरा ओढला की बैल वळतात आणि बैलांमागे गाडी वळते. चार चाकांच्या वाहनाला मात्र पुढची चाके फिरवावी लागतात आणि तेथून स्टेअरिंगचा प्रश्न सुरू होतो. जुन्या घोडागाड्यांत पुढचा अख्खा आस मधल्या खिळीभोवती फिरत असे. त्याऐवजी आस स्थिर ठेवून दोन टोकांची चाके आपापल्या खिळीभोवती फिरवण्याची रचना म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने काढली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ ॲकरमन या त्याच्या लंडनमधील प्रतिनिधीने तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. शोध एकाचा असूनही नाव दुसऱ्याचे राहिले आणि आजही ही रचना ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते. शेतीच्या वाफेच्या इंजिनांनी मात्र जुनीच पद्धत चालू ठेवली होती. त्यांच्या पुढच्या आसाच्या दोन टोकांना साखळ्या बांधलेल्या असत, त्या बॉयलरखालच्या रुळावर गुंडाळल्या जात आणि तो रूळ मळसूत्री गिअरने हळूहळू फिरवला जाई. वळण घ्यायचे म्हणजे स्टेअरिंगचे चक्र कितीतरी वेळा गरगर फिरवावे लागे, त्यामुळे इंग्लंडमध्ये चालकाबरोबर केवळ वळवण्यासाठी दुसरा माणूस ठेवण्याची रीत होती.

या मळसूत्री गिअरमध्ये स्टेअरिंगचे सगळे शास्त्र सामावलेले आहे. हाताचे बळ मर्यादित असते. म्हणून गिअरचे प्रमाण वाढवले की चक्र हलके होते, पण ते अधिक वेळा फिरवावे लागते, आणि प्रमाण कमी केले की वळण झटपट मिळते, पण हात भरून येतात. डेव्हिड रॉस याने १९०६ मध्ये इंडियाना राज्यातील लाफायेट येथे सुरू केलेल्या कारखान्यासारख्या अनेक कारखान्यांनी घर्षण कमी करून हा पेच बराच सैल केला, परंतु तो सोडवला नाही. मध्यंतरी जनरल मोटर्सने १९१९ च्या सुमारास 'सॅमसन आयर्न हॉर्स' नावाचा एक ट्रॅक्टर बाजारात आणला होता, ज्यात शेतकऱ्याने घोड्यांच्या मागे चालावे तसे ट्रॅक्टरच्या मागे राहून लगामांनीच यंत्र वळवायचे, थांबवायचे आणि मागे घ्यायचे होते. कासऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे सोयीचे वाटेल असा कंपनीचा अंदाज होता, आणि तो साफ चुकला.

पॉवर स्टेअरिंग म्हणजे चालकाच्या हाताने फक्त दिशा सांगायची आणि चाके वळवण्याचे बळ इंजिनाकडून घ्यायचे. याची व्यवहार्य रचना फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने केली. तो पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीच्या ट्रक विभागात होता आणि जड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याने जवळून पाहिली होती. नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे त्याने प्रयोग केले आणि १९२६ मध्ये तेलदाबावर चालणारे स्टेअरिंग प्रत्यक्ष मोटारीवर चालवून दाखवले. तेल दाबाखाली साठवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा सोडायचे, या पद्धतीत गळती अटळ होती. डेव्हिसने तेल पंपातून सतत, जवळजवळ दाबाशिवाय, फिरत ठेवले आणि चक्र फिरल्यावर झडपेने त्याची वाट अडवली की तेवढ्यापुरताच दाब चढेल अशी योजना केली. 'खुल्या मध्याची' म्हणून ओळखली जाणारी ही झडप आजही बागेतल्या ट्रॅक्टरमध्ये भेटते. जनरल मोटर्सने या शोधात रस घेतला खरा, पण मंदीच्या काळात तो बाजूला पडला. पुढे युद्धात चिलखती गाड्यांसाठी तो उपयोगी पडला आणि १९५१ मध्ये, डेव्हिसच्या मुख्य पेटंटांची मुदत संपल्यावर, क्रायस्लर कंपनीने 'इंपीरियल' या आलिशान मोटारीत तो विक्रीस आणला. श्रीमंतांच्या मोटारीतील सुखसोय अशी पॉवर स्टेअरिंगची जी प्रतिमा नंतर रूढ झाली ती येथून, पण त्याचा उगम ट्रक चालवणाऱ्यांच्या दुखऱ्या खांद्यांत होता.

शेतात त्याची गरज भासू लागण्यामागे दोन वेगळी कारणे होती. १९३२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीने 'मॉडेल यू' ट्रॅक्टरला फायरस्टोनचे हवेचे टायर बसवून विक्री सुरू केली. टायर मऊ आणि पकड धरणारा असल्यामुळे उभ्या जागी चाक वळवायचे तर रबर जमिनीवर घासून ओढावे लागे. दुसरे कारण उलट्या बाजूने आले. हॅरी फर्ग्युसन याने अवजारे तेलदाबाने उचलण्याची तीन बिंदूंची जोडणी १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि १९३९ मध्ये फोर्डच्या '९एन' वर आणली, आणि तेव्हापासून तेलाचा पंप हा ट्रॅक्टरचा नेहमीचा अवयव झाला. पहिल्या कारणाने स्टेअरिंग जड केले, तर दुसऱ्याने ते हलके करण्याचे साधन घरातच आणून ठेवले. जॉन डीअरने १९५४ मध्ये ओळीतील पिकांच्या ट्रॅक्टरांवर कारखान्यातच बसवलेले पॉवर स्टेअरिंग देऊ केले. परंतु शेतात तोपर्यंत उभे असलेले लाखो ट्रॅक्टर बिनपॉवरचेच होते, आणि त्या ट्रॅक्टरांसाठी नेब्रास्कातील कोलंबस गावची बेलेन आणि मिनिआपोलिसची चार-लिन अशा कंपन्या जुन्या स्टेअरिंगला जोडायचे संच विकू लागल्या. शेतकरी नवा ट्रॅक्टर न घेता नुसता संच घेई आणि एखाद्या मोकळ्या दिवशी तो बसवून टाकी.

चार-लिनचा संस्थापक लिन चार्लसन याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे दोन शोध लावले, त्यांनी संच विकण्याचा हा धंदा अक्षरशः मुळापासून बदलला. पहिला शोध कमी वेगाने पण मोठ्या जोराने फिरणाऱ्या तेलाच्या मोटरचा. तिच्यात सात खोबणींच्या स्थिर कड्याच्या आत सहा दात्यांचा तारा बसवलेला असतो. तो स्वतःभोवती फिरता फिरता कड्याच्या आत घिरट्याही घालतो आणि त्याची स्वतःभोवतीची एक फेरी पूर्ण होईपर्यंत सहा घिरट्या होतात, म्हणजे एका फेरीत बेचाळीस वेळा कप्पे भरतात आणि रिकामे होतात. एवढ्या लहानशा पेटीतून इतका जोर मिळणे हे त्या काळी नवलाचे होते. दुसरा शोध हा पहिल्याचाच उलटा उपयोग होता. या वेळी तारा मोटर म्हणून न वापरता तेलाचे माप म्हणून वापरला गेला आणि त्यातून 'ऑर्बिट्रॉल' हे नाव मिळालेले संपूर्ण तेलदाबाचे स्टेअरिंग तयार झाले.

त्याचे काम पाहण्यासारखे आहे. स्टेअरिंगच्या दांड्याला एक दंडगोल जोडलेला असतो आणि तो दुसऱ्या पोकळ दंडगोलाच्या आत, चपट्या स्प्रिंगांच्या धाकात, बसलेला असतो. चक्र फिरवले की आतला दंडगोल किंचित पुढे सरकतो, दोघांची छिद्रे जुळतात आणि पंपाचे तेल ताऱ्याकडे जाते; तारा त्या तेलाला कप्प्याकप्प्याने मोजून पुढच्या चाकांना जोडलेल्या सिलिंडरकडे सोडतो आणि तेल मोजताना स्वतः फिरत असल्यामुळे बाहेरच्या दंडगोलालाही ओढून घेतो. जितके चक्र फिरले तितके तेल गेले की दोन्ही दंडगोल पुन्हा बरोबरीने येतात, छिद्रे बंद होतात आणि चाक तिथेच थांबते. इंजिन बंद पडले तरी व्यवस्था मरत नाही, कारण चालकाच्या हाताने फिरणारा तारा तेव्हा स्वतःच हातपंप होतो. चक्र फार जड होते, पण वळण मिळते. या रचनेत चक्र आणि चाके यांच्यामध्ये लोखंडी दांडा उरत नाही, फक्त दोन नळ्या उरतात, आणि मागाहून जोडणी करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वात मोठा फरक हाच ठरला. दांडा सरळ रेषेत न्यावा लागतो, वाटेत इंजिन आले तर अडतो. नळी कुठूनही वळवून नेता येते. म्हणूनच ही पेटी पुढे लोडर, कापणी यंत्रे, फोर्कलिफ्ट, बोटी अशा सर्व ठिकाणी पोचली. डॅनिश कंपनी डॅनफॉसने तिचे उत्पादन परवान्याखाली सुरू केले. पुढे चार-लिन ज्या ईटन कंपनीत विलीन झाली होती, तिचा तेलदाब विभागच २०२१ मध्ये डॅनफॉसने विकत घेतला, आणि अशा रीतीने परवाना घेणाऱ्याच्या घरी मूळ मालकाचे नाव नांदू लागले. रस्त्यावरच्या वेगवान वाहनांना मात्र अनेक देशांचे नियम असे दांडाविरहित स्टेअरिंग वापरू देत नाहीत, आणि ते सावध धोरण योग्यच म्हटले पाहिजे, कारण नळी फुटली तर हातात काहीच उरत नाही.

आता बागेच्या ट्रॅक्टरकडे. इंडियानातील साउथ बेंड येथे सेसिल पाँड याच्या कुटुंबाने १९४६ मध्ये सुरू केलेली व्हील हॉर्स, १९६० च्या आसपास इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणलेला कब कॅडेट आणि १९६३ चा जॉन डीअर ११० या यंत्रांनी या बाजाराला आकार दिला. सुरुवातीच्या कब कॅडेट आणि ११० यांचे कोहलर इंजिन सात अश्वशक्तीचे होते, आणि तेवढ्या यंत्राला पॉवर स्टेअरिंगची गरज असल्याचे कोणाच्या मनातही आले नसणार. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटी दातेरी पिनियन, तिला भिडलेले पंख्याच्या आकाराचे अर्धचक्र आणि तेथून चाकापर्यंत एक आडवा दांडा, एवढीच यंत्रणा अशा अनेक ट्रॅक्टरांत होती. अर्धचक्राचे मधले दाते, जे सरळ जाताना सतत वापरात असतात, तेच आधी झिजत, आणि मग चक्र बोटभर फिरले तरी चाक हलत नसे. आपल्याकडचे मिस्त्री याला 'प्ले आला' म्हणतात.

खरी अडचण लोडरने आणली. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे १५० किलो मातीची बादली आहे; तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर १५० नव्हे तर २२५ किलोचा जादा भार पडतो आणि मागच्या आसावरचा ७५ किलो भार उलट कमी होतो. म्हणजे स्टेअरिंग जड होते तेव्हाच मागच्या चाकांची पकडही सुटू लागते. शेतीच्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात आणि एक ब्रेक दाबून तो वळवता येतो. बागेच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ती सोय नाही. जॉन डीअरने १९७५ च्या ४०० मध्ये आणि १९८३ च्या ३१८ मध्ये पॉवर स्टेअरिंग दिले, कारण त्या यंत्रांत तेलाने चालणारी गिअरपेटी आणि तेलदाबाचे उचलयंत्र आधीच होते. विस्कॉन्सिनमधील कोल्ट कंपनी केसने १९६४ मध्ये घेतली, तेव्हा तिचे छोटे ट्रॅक्टर तर तेलाच्या मोटरवरच चालत असत. तेलाचा भरघोस पुरवठा आयता मिळत असल्यामुळे त्या ट्रॅक्टरांना मागाहून स्टेअरिंग जोडणे सर्वात सोपे गेले. इतरांना पट्ट्यावर फिरणारा वेगळा पंप लावावा लागतो आणि त्यासाठी भंगारातील मोटारीचा पॉवर स्टेअरिंगचा पंप बहुधा उपयोगी पडतो.

जोडणी करणाऱ्याला गणित मात्र टाळता येत नाही. सिलिंडरचा आतला व्यास ४० मिलिमीटर, पिस्टनच्या दांड्याचा २० मिलिमीटर आणि चाल १५० मिलिमीटर धरली, तर एका बाजूने सिलिंडर भरायला सुमारे १८८ घन सेंटिमीटर तेल लागते, पण दांडा ज्या बाजूला आहे तिकडून फक्त १४१. एका फेरीत ५० घन सेंटिमीटर तेल सोडणारी पेटी बसवली, तर एका दिशेला चक्र पावणेचार वेळा आणि दुसऱ्या दिशेला तीन वेळांपेक्षाही थोडे कमी फिरवावे लागेल. कारखान्यांनी ही विषमता दोन्ही बाजूंना दांडा असलेला सिलिंडर वापरून काढून टाकली. घरगुती जोडणीत बहुतेक जण ती तशीच सोसतात आणि काही दिवसांत हाताला त्याची सवयही होते. दाबाचे गणित अधिक धोक्याचे आहे. ७० बार दाबाने हाच सिलिंडर जवळजवळ ९०० किलोचा रेटा देतो, आणि एवढा रेटा हाताच्या जोरासाठी घडवलेले आडवे दांडे, चाकाच्या खिळी आणि आसाची मधली खीळ यांपैकी जे कमजोर असेल ते वाकवतो किंवा तोडतो. पूर्वी चाक दगडाला अडले की चालकाचा हात थांबत असे. तेल असे थांबत नाही, म्हणून दाब मर्यादित ठेवणारी झडप कमी दाबावर लावावी लागते आणि चाकांच्या वळणाला पक्का अटकाव ठेवावा लागतो. उचलयंत्र त्याच पंपावर चालत असेल, तर तेलाची पहिली वाटणी स्टेअरिंगला मिळेल अशी झडप लावणेही भाग पडते, नाहीतर बादली वर जाताना चक्र मधेच जड होते. पेटीच्या आत तेल थोडेसे निसटते, त्यामुळे चाके सरळ असतानाही चक्राचा मूठगोळा कधी वर, कधी बाजूला दिसतो. नव्या माणसाला हा बिघाड वाटतो, पण या जातीच्या स्टेअरिंगचा तो स्वभावच आहे.

अनुभवी लोक या सगळ्याआधी एक स्वस्त उपाय सुचवतात, तो असा की चाकाच्या खिळीवर जिथे लोखंडावर लोखंड घासते तिथे भार पेलणारे चपटे बेअरिंग घालावे आणि टायरमधील हवा तपासावी. कित्येकांचे काम तेवढ्यावरच भागते.

महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. इथला छोटा ट्रॅक्टर हिरवळीसाठी नसून नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांसाठी, उसाच्या आंतरमशागतीसाठी आणि फळबागांसाठी आला, आणि १८.५ अश्वशक्तीची मित्सुबिशी शक्ती किंवा १५ अश्वशक्तीचा महिंद्रा युवराज २१५ ही त्याची ओळखीची नावे आहेत. द्राक्षाच्या ओळी नऊ फुटांवर असतील, तर चौरस एकरात तेवीसच्या आसपास ओळी बसतात आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला मांडवाचे खांब, ताण दिलेल्या तारा आणि बांध सांभाळून ट्रॅक्टर वळवावा लागतो. मागे औषधफवारणीचा ब्लोअर असेल आणि हंगामात अशा अनेक फेऱ्या व्हायच्या असतील, तर वळणांची बेरीज मोठी होते. तरीही मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या या ट्रॅक्टरांचे तोंड हलके असल्यामुळे साध्या स्टेअरिंगवर काम बराच काळ निभले. पुढची चाकेही इंजिनाने फिरवणारे चारचाकी जोराचे छोटे ट्रॅक्टर आल्यावर पुढच्या आसात गिअर आले, त्याचे वजन वाढले आणि पॉवर स्टेअरिंग पुढे सरकले. कुबोटाच्या २४ व २७ अश्वशक्तीच्या यंत्रांत ते आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने आणलेल्या 'ओजा' मालिकेत ते २१ अश्वशक्तीपासूनच मिळू लागले. जुन्या ट्रॅक्टरला संच जोडण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकी बागमालक आणि इथला शेतकरी एका पायरीवर नाहीत. तिथला बागेचा ट्रॅक्टर सहसा आवाराबाहेर पडत नाही, तर इथला ट्रॅक्टर नोंदणी झालेले मोटार वाहन असते आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करण्यावर बंधन घालते.

गेल्या काही वर्षांत बागेच्या ट्रॅक्टरवर तेलाऐवजी विजेचे स्टेअरिंगही बसू लागले आहे. सुझुकीच्या 'सर्वो' या छोट्या मोटारीत १९८८ मध्ये प्रथम आलेली ही रचना स्टेअरिंगच्या दांड्यावरच एक विजेची मोटर बसवते. हाताचा पीळ मोजणारा संवेदक किती मदत करायची ते ठरवतो. भंगारातील मोटारीचा असा दांडा काही जातींत मोटारीच्या संगणकाशिवायही ठरावीक मदत करत राहतो, आणि जोडणी करणाऱ्यांनी हे हेरून त्यालाच पसंती दिली, कारण पंप, नळ्या, सिलिंडर यांतले काहीच लागत नाही. अडचण फक्त विजेची असते, कारण जुन्या कोहलर इंजिनांची बॅटरी भरण्याची क्षमता बहुधा १५ ॲम्पिअर, आणि उभ्या जागी वळताना मोटरची क्षणिक मागणी त्याच्या कितीतरी पुढे जाते. तो फरक बॅटरीला भरून काढावा लागतो. या जोडणीत पिनियन, पंख्यासारखे अर्धचक्र आणि आडवा दांडा मूळचेच राहतात, त्यामुळे बॅटरी उतरली तरी चालकाचे हात लोखंडानेच चाकांशी बांधलेले असतात, आणि झिजलेल्या मधल्या दात्यांचा प्ले जसा होता तसाच राहतो.